वाचकांचे प्रश्न : रेस-कारच्या ब्रेकमधून काय काढावे आणि काय ठेवावे

ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकविषयी अलीकडे बरीच पत्रे आली असून त्यांतील चार प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या प्रश्नाला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण इतर अनेक पत्रांतील शंका त्याच उत्तरात येऊन जातात.

प्रश्न : माझ्याकडे मारुती एस्टीम आहे. आतील आसने आणि वातानुकूलन काढून रोल केज बसवला आहे. गाडी फक्त ट्रॅकवर चालवतो आणि तेथपर्यंत ट्रेलरवरून नेतो. चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रेक पेडल खोल जाऊ लागते, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडे वर येते आणि गाडी अर्धा तास उभी राहिली की पूर्ववत होते. ब्रेकची यंत्रणा एकदाच सुधारून सोपी करून टाकावी, असा विचार आहे. व्हॅक्यूम बूस्टर काढायचा, मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवायच्या, पुढे चार पिस्टनचे परदेशी कॅलिपर घ्यायचे आणि पुढचा-मागचा ब्रेक कमी-जास्त करता येईल अशी सोय करायची. पैसे मर्यादित आहेत. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची तक्रार आणि तुमची यादी यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, म्हणून आधी तक्रारीकडे पाहू. ट्रॅकवर ब्रेक दोन वेगळ्या प्रकारे दगा देतात. पेडल कडक राहते, पाय जोरात दाबला जातो, पण गाडी थांबत नाही, अशा वेळी पॅडचे तापमान त्याच्या सहनशक्तीपलीकडे गेलेले असते. याउलट पेडल मऊ होऊन खोल जाते, पंप केल्यावर वर येते आणि गार झाल्यावर काही घडलेच नाही असे वागते, तेव्हा कॅलिपरमधील (म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीतील) ब्रेक ऑइलला उकळी फुटून वाफेचे बुडबुडे झालेले असतात. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचे वर्णन दुसऱ्या प्रकारचे आहे. (व्हील बेअरिंग सैल असेल तर डिस्क हलून पिस्टन मागे ढकलते आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, मात्र हा दोष गाडी गार असतानाही दिसतो. चाक हाताने हलवून तेवढे पाहून घ्यावे.)

ऑइल का उकळते, याचा ढोबळ हिशेब करण्यासारखा आहे. चालकासह गाडीचे वजन ९७५ किलो धरू. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणला, तर सुमारे सव्वाआठ लाख जूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. त्यातील काही हवेचा रोध आणि इंजिन घेते, थोडी मागचे ब्रेक घेतात. पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला सहा लाख जूल आले आणि प्रत्येक डिस्क चार किलो बिडाची असेल, तर एका वळणाआधी तिचे तापमान सुमारे १६० अंश सेल्सिअसने चढते. पुढचे वळण येईपर्यंत ती पुरेशी गार झाली नाही, तर नवी भर जुन्या तापमानावर पडते. डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये उष्णता झिरपायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या उत्तम जातात आणि चौथीत पेडल खाली जाते. साध्या डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू मानकानुसार ताजे असताना किमान २०५ अंश आणि पाणी शोषून जुने झाल्यावर किमान १४० अंश असतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. रेसिंगसाठी मिळणाऱ्या चांगल्या ऑइलचा ताजा उकळबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. ही ऑइले महाग आहेत, पण चार पिस्टनच्या एका कॅलिपरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळच म्हणावा लागेल.

तेव्हा पहिला खर्च ऑइलवर करावा. जुने ऑइल संपूर्ण काढून चारही चाकांची हवा काढावी आणि ट्रॅकवरच्या प्रत्येक दिवसानंतर निदान पुढच्या कॅलिपरमधील थोडे ऑइल ब्लीडर निपलमधून बाहेर सोडावे. दुसरा खर्च पॅडवर करावा. ट्रॅकचे पॅड नेमके कोणत्या तापमानाच्या पट्ट्यात काम करतात हे विकणाऱ्याकडून विचारून घ्यावे आणि नवे पॅड हलक्या, मग वाढत्या जोराने तापवून, पूर्ण गार करून मगच शर्यतीत वापरावेत. तिसरे काम हवेचे. पुढच्या बंपरमध्ये भोक करून पंचाहत्तर मिलिमीटरची लवचीक नळी थेट हबजवळ आणावी आणि डिस्क आतून पोकळ असेल तर हवा तिच्या मध्यभागी सोडावी, म्हणजे ती डिस्कच्या आतील वाटांतून बाहेर फेकली जाते. नळीचे तोंड डिस्कच्या एकाच बाजूवर रोखले तर ती बाजू गार आणि दुसरी तप्त राहते, आणि डिस्कला तडे जाण्याची ही एक नेहमीची तऱ्हा आहे. चौथे काम म्हणजे जुन्या रबरी होजच्या जागी पोलादी जाळीच्या, आतून टेफ्लॉन असलेल्या होज बसवणे. एवढे केल्यानंतरही तक्रार उरली, तरच पुढचे वाचावे, असे सांगण्याचा मोह होतो. पण तुम्हाला यंत्रणा सोपीही करायची आहे आणि ती इच्छा रास्त आहे.

बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाच्या जोराला मदत देणारा भाग, काढण्यामागे चांगली कारणे असू शकतात. कॅमशाफ्ट बदलला किंवा प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल दिला, तर मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम कमी आणि अनियमित होतो आणि पेडलची मदत भरवशाची राहत नाही. तुमचे इंजिन मूळ अवस्थेत असेल, तर बूस्टर काढण्याची घाई नसावी. काढायचाच असेल, तर तो काढून मूळ मास्टर सिलिंडरला (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या सिलिंडरला) लांब रॉड जोडून देणे, हा काही गॅरेजांत होणारा उपाय अर्धवट आहे, आणि का ते आकड्यांवरून पाहता येईल.

रेसिंग टायरवर १ जी इतक्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या, जोराने गाडी थांबवायची आहे, पुढच्या कॅलिपरचा एकमेव पिस्टन ५१ मिलिमीटर व्यासाचा आहे, डिस्कची परिणामकारक त्रिज्या १०० मिलिमीटर, चाकाची २७० मिलिमीटर आणि पॅडचा घर्षणांक ०.४ आहे, असे धरू. (हे सर्व तुमच्या गाडीवर स्वतः मोजून घ्यावे, येथील आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत.) तेव्हा पुढच्या सर्किटमध्ये, म्हणजे पुढच्या चाकांच्या ऑइलच्या नळ्यांमध्ये, सुमारे ६४ बार दाब लागतो. मूळ मास्टर सिलिंडर १३/१६ इंची, म्हणजे २०.६ मिलिमीटरचा, आणि पेडलचे गुणोत्तर ४:१ (पायाचा जोर चौपट करणारे) असेल, तर बूस्टरशिवाय हा दाब आणण्यासाठी पायाने सुमारे ५५ किलोचा जोर लावावा लागेल. एखाद्या वेळी तो लावता येतो, पण उन्हाळ्यात वीस मिनिटांच्या शर्यतीत प्रत्येक वळणाला तितकाच नेमका जोर लावून चाक लॉक होण्याच्या (फिरायचे थांबून घसरू लागण्याच्या) काठावर धरणे फार थोड्यांना जमते. फॉर्म्युला वनचे चालक पुढच्या ब्रेकवर कोणत्याही मदतीविना याहून कितीतरी अधिक जोर लावतात हे खरे, पण त्यांचे पेडल, आसन आणि पायांची तयारी त्यासाठीच केलेली असते.

योग्य मार्ग म्हणजे पेडलपासूनच नवी रचना करणे. सुमारे ६:१ गुणोत्तराचे पेडल घ्यावे, शेजारी-शेजारी दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर बसवावेत आणि त्यांच्यामध्ये बॅलन्स बार द्यावा. पेडलच्या आडव्या नळीत एक गोलाकार बेअरिंग असते, त्यातून बार आरपार जातो आणि त्याच्या दोन टोकांना दोन सिलिंडरचे रॉड जोडलेले असतात. स्क्रू फिरवून बेअरिंग ज्या सिलिंडरकडे सरकवावे, त्याच्या वाट्याला पायाच्या जोराचा अधिक हिस्सा येतो. यात ना स्प्रिंग आहे, ना वाल्व्ह, ना व्हॅक्यूम. मला तरी रेस-कारच्या ब्रेकमध्ये यापेक्षा प्रामाणिक भाग ठाऊक नाही.

येथे एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. मूळ टँडम मास्टर सिलिंडरमध्ये दोन पिस्टन एकामागे एक असल्यामुळे पायाचा संपूर्ण जोर दोन्ही सर्किटना मिळतो. दोन स्वतंत्र सिलिंडर शेजारी बसवले की तोच जोर वाटला जातो. म्हणूनच "लहान सिलिंडर घेतला की दाब वाढतो" हे वाक्य अर्धेच खरे आहे. पुढे ५/८ इंची सिलिंडर घेतला, बार मध्यावर ठेवला आणि पेडल ४:१ चेच राहिले, तर ६४ बारसाठी ६५ किलोचा जोर लागेल, म्हणजे मूळ सिलिंडरपेक्षाही जास्त. तेच पेडल ६:१ केले की तो ४३ किलोवर येतो आणि हा आकडा बहुतेकांना झेपतो. मागे पाऊण इंची सिलिंडरने सुरुवात करावी. मध्यावरच्या बारने मागच्या सर्किटमध्ये तेव्हा सुमारे ४४ बार दाब येईल आणि दोन्हीकडे फेरफार करायला जागा उरेल. या सोयीची किंमत पेडलच्या प्रवासात मोजावी लागते. पुढचा प्रत्येक पिस्टन, कॅलिपरची लवचिकता धरून, अर्धा मिलिमीटर सरकतो असे मानले, तर पुढच्या सिलिंडरचा रॉड दहा मिलिमीटर आणि पेडल साधारण पाच-सहा सेंटिमीटर दबेल. हे चालते, मात्र आणखी लहान सिलिंडर घेतला तर पेडल जमिनीला टेकण्याची वेळ येईल.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुढची चाके चालवणाऱ्या या पिढीच्या गाड्यांप्रमाणे तुमच्या गाडीची ब्रेक सर्किटेही कर्णरेषेत विभागलेली असतात : पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याशी जोडलेले. रस्त्यावर हे शहाणपणाचे आहे, कारण एक सर्किट फुटले तरी पुढचे एक चाक ब्रेक देते. पण अशा नळ्यांना दोन सिलिंडर आणि बॅलन्स बार जोडला, तर बार फिरवल्यावर पुढचा-मागचा समतोल बदलणार नाही, एका कर्णरेषेतील चाके अधिक दाबली जातील आणि गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढेल. म्हणून पुढच्या दोन चाकांचे एक आणि मागच्या दोन चाकांचे दुसरे, अशी दोन सर्किटे नव्याने ओढावी लागतात आणि मागच्या चाकांचा दाब मर्यादेत ठेवणारा मूळ प्रपोर्शनिंग वाल्व्ह पूर्णपणे काढून टाकावा लागतो. या कामात नळ्यांची संख्या कमी होते, जोड कमी होतात आणि मागच्या चाकांसाठी एकच लांब नळी पुरते. यंत्रणा सोपी होते ती खरी येथे.

पेडल बॉक्स (पेडल, दोन सिलिंडर आणि बार यांचा संच) बसवताना बल्कहेडच्या, म्हणजे इंजिन आणि चालक यांमधील आडभिंतीच्या, पातळ पत्र्यावर विसंबू नये. सहाय्यकाला पेडल पूर्ण जोराने दाबायला सांगून बॉनेटच्या बाजूने पाहावे. सिलिंडर पुढे सरकताना दिसले, तर पत्र्यामागे जाड पट्टी वेल्ड करून आधार द्यावा. नाहीतर तुम्ही पैसे मोजून घेतलेले घट्ट पेडल पत्रा वाकवण्यातच खर्ची पडेल. त्यानंतरची चाचणी कधीही चुकवू नये : पुढच्या एका कॅलिपरचा निपल उघडा ठेवून पेडल दाबावे आणि मागची चाके घट्ट धरली जातात की नाही पाहावे, मग उलट करून पाहावे. एक सर्किट रिकामे झाल्यावर बॅलन्स बार तिरका होतो, आणि त्याच्या टोकाशी पुरेशी मोकळीक नसेल किंवा रॉडची लांबी चुकली असेल, तर तो अडकून दुसरे सर्किटही निकामी होते. मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या (एफआयएच्या) नियमांतही हेच मागितलेले आहे : एकाच पेडलवर दोन सर्किटे आणि कोठेही गळती झाली तरी निदान दोन चाकांवर ब्रेक.

मागच्या डिस्कचा विचार मात्र सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हापासून ड्रम म्हणजे मागासलेपण अशी एक समजूत रुजली आहे. पण तुमच्या गाडीचा व्हीलबेस २३६५ मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि स्थिर स्थितीत साठ टक्के वजन पुढे धरले, तर १ जीने ब्रेक लावताना ९७५ किलोंपैकी सुमारे ७९० किलो पुढच्या चाकांवर जातात आणि मागे जेमतेम १८५ उरतात. एवढ्यासाठी नीट ऑइल सील असलेले, चांगल्या लायनरचे आणि समान ताणावर लावलेले ड्रम पुरून उरतात. चार पिस्टनच्या कॅलिपरविषयीही एवढेच सांगतो की नवे कॅलिपर मूळ चाकाच्या आत बसतात का, हे आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहावे आणि एका बाजूच्या पिस्टनांचे एकत्रित क्षेत्रफळ मूळ पिस्टनशी ताडून पाहावे. ते बदलले की वरचा संपूर्ण हिशेब नव्याने करावा लागतो.

समतोल लावताना पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित आधी लॉक होतील अशा स्थितीत बार ठेवावा आणि पाऊस आला तर एखादा फेरा मागे द्यावा, कारण ओल्या ट्रॅकवर गाडी तितक्या जोराने थांबत नाही, वजन कमी पुढे जाते आणि मागची चाके अधिक काम करू शकतात. स्पर्धेत उतरणार असाल, तर खरेदीआधी त्या गटाची नियमावली वाचावी. मूळ स्वरूपाच्या जवळ राहणाऱ्या गटांत पेडल बॉक्स बदलण्याची मुभा असेलच असे नाही.

प्रश्न : माझ्या फोक्सवॅगन पोलोमध्ये एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. ट्रॅकवर ते फार लवकर मध्ये पडते. फ्यूज काढून टाकला की गाडी जुन्या साध्या ब्रेकवर चालेल, असे मित्र सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आणि हा सल्ला धोक्याचा आहे. एबीएस असलेल्या आजच्या गाड्यांमध्ये मागच्या चाकांचा दाब मर्यादेत ठेवण्याचे काम सहसा वेगळा यांत्रिक वाल्व्ह करत नाही. ते त्याच एबीएसच्या युनिटमधील ईबीडी ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली करते. फ्यूज काढला की चाक लॉक होऊ न देणारी मदत जाते, आणि तिच्यासोबत मागच्या चाकांवरील लगामही जातो. मग जोराने ब्रेक लावताच मागची चाके आधी लॉक होऊ शकतात आणि गाडी फिरते. तेही सर्वाधिक वेगात, वळणाच्या तोंडाशी. साध्या ब्रेकच्या जुन्या गाडीत त्या जागी प्रपोर्शनिंग वाल्व्ह होता, म्हणून ती गाडी तशी वागत नव्हती. मित्रांच्या सांगण्यात ही एक कडी निसटलेली आहे.

एबीएस काढायचेच असेल, तर संपूर्ण काढावे : युनिट बाहेर, नळ्या पुन्हा ओढलेल्या, आणि मागच्या सर्किटवर हाताने लावता येणारा प्रपोर्शनिंग वाल्व्ह किंवा पहिल्या उत्तरात सांगितलेला बॅलन्स बार. वाल्व्ह ठरावीक दाबापर्यंत पुढचा-मागचा दाब सारखा ठेवतो आणि त्यापुढे मागचा दाब हळू चढू देतो, म्हणून तो नेहमी मागच्या नळीतच बसवतात. पुढच्या नळीत बसवलेला वाल्व्हही मी पाहिलेला आहे. त्याचा परिणाम काय होईल ते वेगळे सांगायला नको. दोन कर्णरेषेतील सर्किटे तशीच ठेवून एकच वाल्व्ह बसवता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

पण मी तुमच्या जागी असतो, तर एबीएस ठेवले असते. ते लवकर मध्ये पडते याचे कारण बहुधा टायरची पकड अपुरी असणे, चारही टायर एका मापाचे किंवा सारखे झिजलेले नसणे, किंवा ब्रेकवर पाय एकदम आपटणे हे असते. फॉर्म्युला वनने १९९४ पासून एबीएसवर बंदी घातली ती चालकाच्या कौशल्याला वाव राहावा म्हणून. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स-कारवर बेतलेल्या जीटी३ गटातील गाड्या आजही एबीएससह शर्यती धावतात आणि त्यांना कोणी हळू म्हणत नाही. चांगले टायर, ट्रॅकचे पॅड आणि ताजे ऑइल एवढ्यावर एक हंगाम काढून पाहावा. ऑइल बदलल्यावर पेडल मऊच राहिले, तर युनिटच्या आतील वाटांमध्ये हवा अडकलेली असू शकते. ती काढण्यासाठी निदानयंत्र जोडून युनिटचा पंप चालवावा लागतो आणि नुसत्या पेडल दाबण्याने ती निघत नाही.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संघ फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधत आहे. वजन आणि नळ्या वाचवण्यासाठी मागे डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना इंजिनची ताकद वाटणाऱ्या गिअरवर) एकच डिस्क व एकच कॅलिपर घ्यावा का? नळ्या तांब्याच्या घेतल्या तर वाकवायला सोप्या जातील, असे लेथवाले काका म्हणतात.
— विद्यार्थी-संघ, सांगली जिल्हा

उत्तर : मागे एकच ब्रेक घेणे फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे तुमची स्पर्धा ज्या धर्तीवर होते त्या स्पर्धांच्या, नियमांना मान्य आहे, मात्र तो लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवर (दोन चाकांच्या वेगातील फरक मर्यादेत ठेवणाऱ्या) असला पाहिजे. साध्या, उघड्या डिफरन्शियलवर लावलेल्या एका कॅलिपरने दोन्ही चाके सारखी थांबत नाहीत. वाचते ते एक कॅलिपर, एक डिस्क, दोन होज आणि हबजवळचे, स्प्रिंगवर न तोललेले बरेच वजन. जाते ते असे की संपूर्ण मागचा ब्रेक आता ड्राइव्ह शाफ्ट आणि त्यांच्या जोडांमधून जातो, म्हणून ते त्या पिळासाठीही तपासावे लागतात. पहिल्यांदाच गाडी बांधणाऱ्या संघाने हा मोह टाळावा, असे सुचवेन. तांत्रिक तपासणीत गाडीने चारही चाके लॉक करून सरळ रेषेत थांबायचे असते, आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर सर्व तयारीनिशी पोहोचूनही या एका चाचणीपाशी संघ तासन्तास खोळंबतात. कारण बहुतेक वेळा तेच : मास्टर सिलिंडर गरजेपेक्षा मोठा, पेडलचे गुणोत्तर लहान, किंवा पॅड तापलेच नसल्यामुळे त्यांचा घर्षणांक कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी.

तांब्याच्या नळीबाबत काकांचा अनुभव मान्य करूनही नकार द्यावा लागेल. शुद्ध तांबे कंपनांनी कडक होत जाते आणि फ्लेअरच्या (नळीच्या रुंदावलेल्या टोकाच्या) मुळाशी तडकते. वाकवायला सोपी आणि तरीही टिकाऊ हवी असेल तर तांबे-निकेल मिश्रधातूची ३/१६ इंची नळी घ्यावी, नाहीतर साधी पोलादी घ्यावी. जोडांच्या आट्यांबाबत तर अतिशय काटेकोर राहावे. जपानी आणि भारतीय गाड्यांच्या बहुतेक कॅलिपरवर एम१० बाय १.० चे आटे असतात आणि रेसिंगच्या एएन-३ जोडांवर ३/८ इंच, इंचाला २४ आटे. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर आणि त्या आट्यांचे अंतर १.०६ मिलिमीटर, त्यामुळे एक दुसऱ्यात काही फेरे निमूट शिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो आणि ६० बारला सुटतो. फ्लेअरचेही तसेच आहे. एएन जोडांना ३७ अंशांचा कोन लागतो, वाहनांच्या दुहेरी फ्लेअरला ४५ अंशांचा. सारे सामान एकाच पद्धतीचे घ्यावे आणि जेथे दोन पद्धती भेटतात तेथे तयार अॅडॉप्टर वापरावा. लेथवर स्वतः करू नये.

पेडल २००० न्यूटन जोराला न मोडता टिकले पाहिजे, ही अट तुम्हाला माहीत असेलच. त्यासोबत पेडलच्या बिजागराचे बोल्ट आणि ज्या पट्टीवर पेडल बॉक्स बसतो ती पट्टीही त्याच जोराला तपासावी. पेडल जमिनीवर बसवले असेल, तर ऑइलची टाकी कॅलिपरच्या पातळीच्या वर ठेवावी आणि कॅलिपर बसवताना निपल सर्वांत वरच्या बाजूला येईल हे पाहावे. डावा कॅलिपर चुकून उजवीकडे लावला की निपल खाली जातो, हवा वर अडकते आणि संघ रात्रभर पेडल दाबत बसतो. पेडल मर्यादेपलीकडे गेल्यास गाडी बंद करणारा स्विच शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. तो कोठे लागतो यावरून पेडलचा प्रवास ठरतो, आणि प्रवासावरून सिलिंडर.

प्रश्न : मी रत्नागिरीत राहतो. येथील दमट हवेत ब्रेक ऑइल लवकर पाणी शोषते, म्हणून माझ्या ऑटोक्रॉसच्या (वेळेविरुद्धच्या छोट्या फेऱ्यांच्या स्पर्धेच्या) गाडीत पाणी न शोषणारे सिलिकॉनचे डॉट ५ भरावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भरू नये. डॉट ५ पाणी शोषत नाही हे खरे, पण पाणी यंत्रणेत शिरायचे थांबत नाही. ते न मिसळता सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये साचते, तेथे १०० अंशांच्या आसपास उकळते आणि गंजही धरते. सिलिकॉन ऑइल हवा धरून ठेवते आणि तापल्यावर किंचित दबतेही, त्यामुळे पेडल स्पंजासारखे लागते. शिवाय ते ग्लायकॉलच्या (म्हणजे नेहमीच्या डॉट ३ किंवा डॉट ४ च्या) जुन्या ऑइलमध्ये मिसळत नाही. नावाच्या साधर्म्याने घोटाळा होतो म्हणून सांगतो : डॉट ५.१ हे वेगळे, ग्लायकॉलचेच ऑइल आहे, त्याचे किमान उकळबिंदू २६० आणि १८० अंश आहेत आणि ते तुमच्या गाडीत निर्धास्त चालेल. ऑटोक्रॉसच्या दीड-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत ऑइल सहसा उकळत नाही, तेव्हा चांगले डॉट ४ देखील पुरते. फक्त पावसाळा संपल्यावर आणि हंगाम सुरू होण्याआधी ते पूर्ण बदलावे. बाटल्या लहान घ्याव्यात, आणि कोकणात तरी एकदा उघडलेली अर्धी बाटली पुढच्या स्पर्धेसाठी राखून ठेवू नये.